जेऊर, विजापूर, जमखंडी आणि एक खग्रास रात्र

7 सप्टेंबर 2025 चे खग्रास चंद्रग्रहण पाहण्यासाठी सोलापूर सोडण्याची काहीच गरज नव्हती. चंद्र क्षितिजाच्या वर असला की चंद्रग्रहण पर्थपासून नैरोबीपर्यंत एकाच वेळी आणि जवळजवळ सारखेच दिसते. सूर्यग्रहणाचे गणित निराळे असते. चंद्राच्या गडद छायेचा पट्टा बहुधा शंभर-दोनशे किलोमीटरच रुंद असतो आणि एकदा तो एखाद्या गावावरून गेला की त्याच गावी पुन्हा यायला सरासरीने पावणेचारशे वर्षे घेतो. त्यामुळे ज्यांना ते पाहायचे असते ते लोक चिली, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको असे जगभर हिंडत राहतात. आमच्यापैकी कोणी इतक्या लांब गेलेले नाही. मात्र 1868 आणि 1898 या दोन सालांत ही जगभर हिंडणारी मंडळी आपण होऊन आमच्या भागात आली होती. तेव्हा ग्रहणाच्या आधीचे तीन दिवस त्यांच्या जागा पाहायच्या आणि चौथी रात्र चंद्राला द्यायची, असा बेत ठरला. बरोबर निवृत्त विज्ञानशिक्षक असलेले आमचे गुरुजी, माझे दाजी आणि अभियांत्रिकी शिकणारी भाची असे तिघे होते.

गुरुवार, 4 सप्टेंबर : जेऊर

सकाळच्या पॅसेंजरने मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम करत जेऊरला उतरलो. करमाळा तालुक्यातले हे स्टेशन पुण्याला जाताना-येताना खिडकीतून शेकडो वेळा दिसलेले असते, पण बहुतेक जलद गाड्या येथे थांबत नाहीत, म्हणून उतरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. 22 जानेवारी 1898 रोजी भर दुपारी येथे जेमतेम दोन मिनिटे सूर्य पूर्ण झाकला गेला. तेवढ्यासाठी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल, त्यांच्या पत्नी एलिझाबेथ आणि पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला या परिसरात तळ ठोकून होते. जपानी खगोलशास्त्रज्ञांचे पथकही येथेच उतरले होते.

एवढ्या मोठ्या देशात जेऊरच का, या भाचीच्या प्रश्नाला गुरुजींनी फलाटावरच तीन कारणे सांगितली. पहिले कारण म्हणजे ग्रहणपट्ट्याची मध्यरेषा येथून अगदी जवळून जात होती. दुसरे, पुणे-सोलापूर लोहमार्ग तोपर्यंत जुना झालेला होता, त्यामुळे छायाचित्रणाच्या काचेच्या तबकड्या आणि टनावारी सामान थेट गावापर्यंत आणता येत होते. तिसरे कारण आपल्याकडच्या कोरड्या पठारावरचे जानेवारीतले आकाश. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत सोलापूरकराला पावसाची चिंता नसते, हे कोणाला सांगायला नको. मध्यरेषा, वाहतूक आणि निरभ्रतेची शक्यता या तीन कसोट्यांवरच आजही जगभर ग्रहणाची जागा ठरते. 2 ऑगस्ट 2027 च्या सूर्यग्रहणासाठी इजिप्तमधील लक्सरचे नाव सर्वांच्या तोंडी आहे तेही याच कारणांनी : मध्यरेषेच्या जवळचे गाव, विमानतळ, ऑगस्टमध्ये जवळजवळ ढगच नसलेले आकाश आणि वर सहा मिनिटांहून अधिक काळाची खग्रास अवस्था.

कॅम्पबेल यांनी आणलेल्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) 40 फूट, म्हणजे 12 मीटरहून थोडे अधिक होते. एवढा लांब कॅमेरा सूर्यामागे फिरवता येत नाही. म्हणून नळी सूर्याच्या त्या वेळच्या जागेकडे रोखून पक्की करायची आणि घड्याळाच्या यंत्रणेवर काचेची तबकडी सरकवत न्यायची, अशी त्यांची युक्ती होती. अशा भिंगातून सूर्यबिंबाची प्रतिमा सुमारे 11 सेंटीमीटर रुंदीची मिळते, त्यामुळे प्रभामंडळातील, म्हणजे सूर्याभोवतीच्या एरवी न दिसणाऱ्या तेजोवलयातील, बारीक तंतूही उमटतात. भाचीने फलाटावर पावलांनी 12 मीटर मोजले, तेव्हा चहाच्या टपरीपासून पाण्याच्या नळापर्यंतचे अंतर भरले. टपरीवाल्याने काय मोजता म्हणून विचारले. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेहून साहेब येथे सूर्य बघायला आले होते असे दाजींनी सांगितल्यावर त्याने, तो काय अमेरिकेत दिसत नाही का, असा अगदी योग्य प्रश्न केला. दाजींनी बिस्किटाच्या पुड्याची छाया हातावर पाडून त्याला पट्ट्याची गोष्ट समजावली आणि त्यात आमचा दुसरा चहा झाला.

नायगमवालांबद्दल जास्त बोलले जायला हवे, असे मला वाटते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिची 20 इंची दुर्बीण त्या काळात देशातली सर्वांत मोठी होती. त्यांच्या निवृत्तीनंतर ती दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि आज भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते. मुंबई इलाख्यात प्लेगने हाहाकार माजवलेला असताना हा माणूस जेऊरच्या माळावर वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारे उपकरण, लावून बसला आणि आपल्या वेधांचा सविस्तर अहवाल त्याने प्रसिद्ध केला. कॅम्पबेल पुढे लिकचे संचालक झाले आणि 1922 साली ऑस्ट्रेलियातील वॉलल येथील ग्रहणात त्यांच्या पथकाने सूर्याजवळून येणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे वळण मोजून आइनस्टाइनचे भाकीत पक्के केले.

गावात आम्ही ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कोणालाही 1898 ची हकीकत ठाऊक नव्हती आणि तळाची नेमकी जागा आम्हाला सापडली नाही. केळीच्या बागांतून थोडे फिरून आणि एका वडाखाली शेंगाचटणी-भाकरी खाऊन संध्याकाळच्या गाडीने परतलो. गंमत अशी की ज्या जिल्ह्यात हे सगळे घडले त्या जिल्ह्याचे मुख्य शहर तेव्हा पट्ट्याच्या बाहेर राहिले होते. पट्टा विजयदुर्गाकडून ईशान्येला नागपूरच्या दिशेने जात होता आणि सोलापूर त्या रेषेपासून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला पडते. शहरात खंडग्रास ग्रहण दिसले असणार आणि सूर्याची कोर बारीक झाली असणार, पण दिवसाची रात्र झाली नाही.

शुक्रवार, 5 सप्टेंबर : विजापूर

दाजींची गाडी घेऊन सकाळी निघालो. टाकळीला भीमा दुथडी भरून वाहत होती. ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीमुळे विजापुरात गाडी बरीच अलीकडे लावून चालत जावे लागले. गोलघुमटाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी येथे भर घालत नाही. आम्ही सज्जात जाऊन कुजबुजलो, प्रतिध्वनी मोजले आणि उतरलो.

आमचे काम 18 ऑगस्ट 1868 शी होते. विजापूर तेव्हा जिल्ह्याचे ठाणेही नव्हते, ते कलादगीला होते. ओस पडलेल्या आदिलशाही इमारतींच्या त्या गावात कॅप्टन हेग वर्णपटदर्शक घेऊन सूर्याची वाट पाहत होते. वर्णपटाचा अर्थ लावण्याची किल्ली किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी जेमतेम आठ-नऊ वर्षांपूर्वी दिली होती आणि ती हाती आल्यानंतर इतके लांबलेले खग्रास ग्रहण प्रथमच येत होते. प्रश्न एकच होता. सूर्याच्या काठावर ग्रहणाच्या वेळी दिसणाऱ्या लालसर ज्वाला कशाच्या बनलेल्या आहेत? वर्णपटात सलग रंगपट्टा दिसला तर घन किंवा द्रव, सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या तर तप्त वायू. विजापुरात हेग, जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सचे पिएर जान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन, असे सर्वजण एकाच पट्ट्यावर एकाच प्रश्नासाठी बसले होते आणि सर्वांना तेजस्वी रेषा दिसल्या.

जेवताना दाजींनी विजयदुर्गाचा विषय काढला. 1868 साली लॉकयर साहेबाने विजयदुर्गावर हेलियमचा शोध लावला असे त्यांनी अनेक ठिकाणी वाचले होते. गुरुजींना ही गोष्ट दर वर्षी 18 ऑगस्टला खोडून काढावी लागते, त्यामुळे त्यांचे उत्तर तयारच होते. नॉर्मन लॉकयर 1868 मध्ये भारतात नव्हतेच. जान्सेन यांना गुंटूरला त्या रेषा इतक्या झळझळीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील असे त्यांच्या लक्षात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसे करून दाखवले. लॉकयर यांनी तीच किमया 20 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे साधली. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, म्हणून पुढे फ्रेंच सरकारने दोघांचेही मुखवटे असलेले पदक पाडले. सोडियमच्या रेषांजवळची, पण त्यांच्याशी न जुळणारी पिवळी रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची आहे हे नंतरच्या वेधांतून पुढे आले आणि ते मूलद्रव्य, म्हणजेच हेलियम, पृथ्वीवर विल्यम रॅम्से यांच्या हाती 1895 साली लागले. लॉकयर विजयदुर्गावर आले ते 1898 मध्ये, जेऊरला कॅम्पबेल होते त्याच ग्रहणासाठी. तेव्हा ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या हाताखाली होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरे त्या मोहिमेशी जोडलेले आहेत. एवढा खरा इतिहास जवळ असताना विजयदुर्गाला तीस वर्षे आधीच्या शोधाचे श्रेय चिकटवण्याची गरज का वाटावी, हे मला उमगलेले नाही.

शनिवार, 6 सप्टेंबर : जमखंडी

कृष्णा ओलांडून जमखंडीला पोहोचेपर्यंत आभाळ पूर्ण भरून आले होते. एका परीने ते बरेच झाले, कारण ऑगस्टमध्ये येथे ग्रहण पाहणे म्हणजे काय असते याची कल्पना आली. जॉन हर्शेल हे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचे नातू. रॉयल सोसायटीने दिलेली उपकरणे घेऊन ते पटवर्धनांच्या या संस्थानात आले, खग्रास अवस्थेत ढगांनी त्यांना छळले आणि मधल्या उघडिपीत ज्वाळेच्या वर्णपटात त्यांना लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. दुर्बिणीला डोळा लावून, ढग सरकण्याची वाट पाहत, सेकंद मोजणारा मदतनीस शेजारी उभा असताना एका रेषेची जागा वाचायची, ही कसरत ज्याने केली आहे त्यालाच तिची किंमत कळेल. गुंटूरला मात्र आकाशाने चांगली साथ दिली.

रामतीर्थाच्या टेकडीवरून गाव पाहिले. हर्शेल नेमके कोठे बसले होते हे येथेही कळले नाही, आणि पाऊस सुरू झाल्याने फार शोधताही आले नाही.

परतीच्या वाटेवर गुरुजींनी 16 फेब्रुवारी 1980 च्या खग्रास सूर्यग्रहणाची गोष्ट सांगितली. त्या दिवशीचा पट्टा कारवार, हुबळी, रायचूर असा गेला होता. सोलापुरात सूर्याचा फार मोठा भाग झाकला जाणार होता, पण पूर्ण नाही. गुरुजी तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. दोन मित्रांना घेऊन आदल्या रात्रीच्या एसटीने ते हुबळीला गेले. दुकाने बंद, रस्ते ओस, खिडक्यांना पडदे. चहासुद्धा मिळाला नाही. साडेतीनच्या सुमारास पश्चिमेकडून अंधार चालून आला, तारे दिसू लागले, शुक्र चमकला आणि काळ्या चकतीभोवती मोत्यासारखे पांढरे प्रभामंडळ पसरले. दोन-अडीच मिनिटांत सगळे संपले. सोलापुरात राहिलेल्या सहकाऱ्यांनी नंतर, आम्हीही जवळजवळ सगळे पाहिले, असे सांगितले तेव्हा गुरुजींना काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. सूर्याचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला तरी प्रभामंडळ दिसत नाही, तारे दिसत नाहीत आणि ग्रहणाचा चष्मा डोळ्यांवरून काढता येत नाही. नव्व्याण्णव आणि शंभर यांत एकाचे अंतर आहे असे गणितात ठीक, ग्रहणात नाही. 2019 च्या डिसेंबरात कासरगोडजवळ चेरुवतूरला मी जे कंकणाकृती ग्रहण पाहिले ते देखणे होते, पण त्या अग्निकंकणातही प्रभामंडळ नव्हते. गुरुजींकडे असलेले काहीतरी माझ्याकडे नाही, ही खंत 2027 साली लक्सरला जाण्याच्या आमच्या बेताच्या मुळाशी आहे.

सोलापुरात शिरताना अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकांनी रस्ते अडवले होते. लेझमांचा ताफा पुढे सरकेपर्यंत तासभर गाडीतच बसून राहिलो.

रविवार, 7 सप्टेंबर : मंगळवेढा रस्त्यावरील शेत

पंचांगाप्रमाणे वेध दुपारी साडेबाराच्या सुमारास लागत होते. दाजींच्या आईंनी त्याआधीच जेवण उरकले, पाण्याच्या भांड्यात तुळशीचे पान टाकले आणि आम्हाला फक्त एवढेच सांगितले की रानात बसणार असाल तर पायात बूट घाला. ग्रहणापेक्षा सापाची काळजी अधिक करणाऱ्या या माउलीशी वाद घालण्याचे कारणच नव्हते.

शहराच्या दिव्यांपासून दूर असलेल्या मित्राच्या शेतात आठ वाजता पोहोचलो. सहा इंची परावर्तक दुर्बीण, एक द्विनेत्री, लाल कागद गुंडाळलेली विजेरी आणि वही असा सरंजाम होता. चंद्रग्रहणात डोळ्यांना कसलाही धोका नसतो, त्यामुळे चष्म्यांचा पसारा नव्हता. पूर्वेला ढगांचे पुंजके होते, पण वारा चांगला होता.

उपच्छायेत, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या विरळ छायेत, चंद्र नऊच्या आधीच शिरला, तरी साडेनऊपर्यंत डोळ्यांना काही जाणवले नाही. नंतर बिंबाच्या खालच्या डाव्या बाजूला धुरकट सावट आले. 9 वाजून 57 मिनिटांनी स्पर्श, म्हणजे गडद छाया चंद्राला लागली. दुर्बिणीतून छायेची कड पाहिली की ती पुस्तकातल्या आकृतीइतकी रेखीव नसते हे लगेच कळते. वातावरणामुळे ती विरघळलेली असते आणि नेमकी येथून सुरू झाली असे बोट ठेवता येत नाही. आम्हाला त्याचाच हिशेब घ्यायचा होता. छायेची कड चंद्रावरच्या विवरांवरून केव्हा गेली याच्या वेळा नोंदवल्या की पृथ्वीची छाया नुसत्या भूमितीने यायला हवी त्यापेक्षा किती मोठी दिसते हे काढता येते; ती साधारण दोन टक्के मोठी भरते, हे फ्रेंच ज्योतिर्विद द ला हिर यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक आहे. गुरुजी दुर्बिणीवर, मी द्विनेत्रीवर, भाची मोबाइलच्या घड्याळावर. “ग्रिमाल्डी... आता!” “लिहिलं, गुरुजी.” “कोपर्निकस... थांब, थांब... आता!” टायकोच्या वेळी नेमका ढग आडवा आला आणि गुरुजींच्या व माझ्या नोंदीत अर्ध्या मिनिटाहून अधिक फरक पडला. भाचीने दोन्ही वेळा लिहून त्यांपुढे ढगाचे चित्र काढले.

अकरा वाजता संमीलन झाले, म्हणजे चंद्र छायेत पूर्ण बुडाला, आणि शेताचे रूपच पालटले. पौर्णिमेच्या उजेडात इतका वेळ स्पष्ट दिसणारा बांध आणि विहिरीचा कठडा दिसेनासा झाला. ज्या आकाशात मघाशी मोजकेच तारे होते त्यात उत्तरेकडे वर भाद्रपदांचा चौकोन पूर्ण उमटला, चंद्राच्या डावीकडे शनी पिवळसर स्थिर प्रकाशाने दिसत होता आणि खाली दक्षिणेला फोमलहॉट हा तारा वर आला होता. चंद्र डोक्यावरून थोडा दक्षिणेला, तांब्याच्या रंगाचा. तो छायेच्या मध्याच्या दक्षिणेकडून जात असल्यामुळे त्याची दक्षिण कड उजळ होती आणि उत्तरेकडचा भाग काळपट. छायेच्या काठाशी किंचित निळसर झाक होती. वातावरणाच्या उंच थरातून येणाऱ्या प्रकाशातला लाल भाग ओझोन शोषून घेतो, त्यामुळे ती येते. उरलेला तांबडा प्रकाश पृथ्वीवरच्या त्या क्षणीच्या साऱ्या सूर्योदयांचा आणि सूर्यास्तांचा असतो, जो हवेतून वाकून छायेत शिरतो.

म्हणूनच या रंगावरून हवेची प्रकृती कळते. क्राकाटोआच्या 1883 मधील स्फोटानंतरचे पुढच्या वर्षीचे ग्रहण आणि पिनाटुबोच्या 1991 मधील स्फोटानंतरचे डिसेंबर 1992 चे ग्रहण विलक्षण काळे होते. आंद्रे दाँजों यांच्या मापपट्टीवर शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य चंद्र आणि चार म्हणजे झळझळीत नारिंगी. हा अंदाज ग्रहणमध्याला, दुर्बिणीविना, प्रत्येकाने दुसऱ्याला न सांगता लिहायचा असतो. 11 वाजून 42 मिनिटांनी आम्ही चौघांनी चार चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकल्या.

खग्रास अवस्था 82 मिनिटांची होती. त्यात ढग तीन-चारदा येऊन गेले आणि आम्ही तेवढ्या वेळात शेंगाचटणी-भाकरी संपवली. सूर्यग्रहणात एकच ढग आला असता तरी सगळे हातचे गेले असते. बारा वाजता लंडनहून दाजींच्या मुलाचा फोन आला. तेथे चंद्र अजून उगवायचा होता आणि उगवला तो ग्रस्तोदितच, म्हणजे ग्रहण लागलेलाच, विटकरी रंगाचा, इमारतींच्या मागून. बापलेकांनी पाच मिनिटे एकाच चंद्राविषयी वाद घातला, कारण तेथे तो फिकट दिसत होता आणि येथे गडद. लंडनचे संध्याकाळचे उजळ आकाश आणि क्षितिजावरची दाट हवा लक्षात घेतली तर दोघांचेही बरोबर होते.

12 वाजून 22 मिनिटांनी उन्मीलन झाले, म्हणजे चंद्राची कड छायेबाहेर येऊ लागली. कडेला हिऱ्यासारखा ठिपका वगैरे काही नाही, हळूहळू पांढरा होत जाणारा काठ. मोक्षापर्यंत, म्हणजे 1 वाजून 26 मिनिटांनी चंद्र गडद छायेतून पूर्ण सुटेपर्यंत, विवरांच्या सुटण्याच्या वेळा घेतल्या. या खेपेस टायको स्वच्छ मिळाला.

सोमवार, 8 सप्टेंबर : सोलापूर

दुपारी गुरुजींच्या घरी चिठ्ठ्या उघडल्या. गुरुजींचे दोन, भाचीचे तीन, माझे अडीच आणि दाजींचे, त्यांच्या शब्दांत, “तांब्याचा हंडा, न घासलेला”. भाचीने काढलेल्या छायाचित्रांनी निकाल लागेना, कारण जास्त वेळ उघडा ठेवलेला कॅमेरा कोणत्याही चंद्राला झळझळीत करतो. गुरुजींचा मोतीबिंदू शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे हे भाचीने हळूच सुचवले आणि तिच्या डोळ्यांना विजेरीचा उजेड लागला होता हे गुरुजींनी. तूर्त चारही अंदाज, ज्याच्या त्याच्या शेऱ्यासह, वहीत जसेच्या तसे ठेवले आहेत.

टायकोच्या शिरण्याची नोंद हिशेबातून वगळायची की दोन्ही वेळांची सरासरी घ्यायची, यावर अजून एकमत नाही. माझे मत वगळण्याच्या बाजूने आहे. गुरुजी म्हणतात, हर्शेलला जमखंडीत ढगातूनच रेषा दिसल्या होत्या.

लक्सरसाठी मात्र चौघेही तयार आहेत. दाजींनी पासपोर्टचे अर्ज छापून आणले असून आईंनी ऑगस्टमध्ये तेथे ऊन किती असते याची चौकशी सुरू केली आहे.